अर्धवट राजीनामा

जगात अर्धवट असं काही नसतं. निदान डेटाबेसच्या जगात तरी नसतं. तिथे प्रत्येक गोष्ट एकतर पूर्ण घडते, नाहीतर ती घडलीच नव्हती असं धरलं जातं. लग्न, क्रांती आणि स्वर्गप्राप्ती यांनाही ही सोय उपलब्ध नाही.

ही वाक्यं एल्पिदिओ गरिंगालाओ याची. फिलिपिन्समधल्या एका गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात नव्या माणसाला संगणक शिकवताना पहिल्याच तासाला तो ती म्हणायचा आणि मग चष्मा काढून पुसायचा, म्हणजे समोरच्याला भारावून जायला सवड मिळावी. इतक्या वर्षांत भारावलं कुणीच नाही. एका मुलीने फक्त जेवणाची सुट्टी कधी असते ते विचारलं होतं.

आज शुक्रवार, त्याचा कार्यालयातला शेवटचा दिवस. पिदो (त्याला सगळे पिदोच म्हणत) संगणक कक्षात पडद्यासमोर बसला होता, आणि त्याचा स्वतःचा राजीनामा अर्धवट घडून पडला होता.

ही खोली पूर्वी क्लोरीनची पिंपं ठेवायची होती, त्यामुळे तिला खिडकी नव्हती. बाहेर माणसं घामाने भिजत होती आणि आत सर्व्हरसाठी एसी असा लावलेला, की पिदोला बारमाही जॅकेट घालावं लागे. बायको म्हणायची, तुला कतारला पाठवायचं तर आधी तव्यावर थोडा गरम करून घ्यावा लागेल. कतार म्हणजे दोहातली एक विमा कंपनी. रविवारी विमान होतं. बॅग भरून झाली होती, तिच्यात जॅकेट नव्हतं, आणि ही गोष्ट तो मनात अधूनमधून काढून पाहायचा, नव्या घड्याळाकडे पाहावं तशी.

सकाळी तो आला तेव्हा दारात कार्यालयाचे प्रमुख सोल्देव्हिया उभे होते. ते शिक्षणाने इंजिनिअर, म्हणून त्यांना सगळे 'इंजिनिअर' अशीच हाक मारत. त्यांच्यामागे अर्धं कार्यालय मान उंच करून उभं होतं, अपघात पाहायला उभं राहावं तसं.

"डेटाबेस उठत नाहीये," इंजिनिअर म्हणाले.

"हात कुणी लावला?"

"मी. सगळे पडदे अडकले होते. काहीतरी लाल अक्षरात आलं. मग बंद केलं, वीस मोजले, चालू केलं. पंपाला हे चालतं."

"हा पंप नाही, इंजिनिअर."

"ते आता कळलं."

लाल अक्षरात काय आलं होतं हे त्यांनी वाचलं नव्हतं. लाल अक्षर वाचायचं नसतं, त्याच्याकडे पाहून काहीतरी करायचं असतं, असा त्यांचा पंपांवरचा तीस वर्षांचा अनुभव होता.

"मला विचाराल तर," मागून आस्थापना विभागाच्या रोसाल मॅडम म्हणाल्या, "पाणी गेलंय आत. नवी डिस्क बसवली तेव्हा फादर क्रिस्पुलोंनी जरा सढळ हाताने शिंपडलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढं तर ते बाप्तिस्म्यालाही शिंपडत नाहीत."

नवं यंत्र आलं की त्याला फादरांकडून आशीर्वाद घ्यायचा, ही रीत कुणी मोडायचा प्रश्नच नव्हता. पण बिघाडाच्या अहवालात, 'कारण' या रकान्यात, 'पवित्र जल' असं लिहून वरच्या कार्यालयात कोण पाठवणार? वरचं कार्यालयही कॅथलिक होतं.

"पाहतो," पिदो म्हणाला आणि दार आतून लावून घेतलं.

पवित्र जलाचा डिस्कला स्पर्शही झाला नव्हता. ते कपाटाच्या टपावर पडून तिथेच वाळलं होतं आणि त्याचे पांढरे ठिपके राहिले होते. गावचं पाणी जड आहे, हे पाणीपुरवठा कार्यालय सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पडद्यावर एकच ओळ होती: पूर्ववत होणे बाकी. डेटाबेस कुठलंही काम थेट करत नाही. सासऱ्याशी बोलण्याआधी सावध जावई मनात वाक्य जुळवून घेतो, तसा तो आधी सगळं लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहितो आणि मग करतो. यंत्र मध्येच बंद पडलं, तर पुन्हा उठताना तो लॉग वाचत येतो. पुरी झालेली कामं पक्की करतो, अर्धी राहिलेली पुसून टाकतो. पण लॉगचंच पान मध्ये फाटलेलं असेल, तर तो तिथेच उभा राहतो. पुढे जात नाही, मागे येत नाही, कुणाला आतही घेत नाही. इंजिनिअरांनी कळ दाबली तेव्हा डेटाबेस नेमका लिहीत होता. वाक्य मध्येच तुटलं होतं.

हे समजलं. पण पडदे मुळात अडकले का? पिदोने डिस्क पाहिली. ती काठोकाठ भरली होती. नवी कोरी, आशीर्वाद घेतलेली, गावाला दहा वर्षं पुरेल असं त्याने लेखी दिलेली डिस्क. आणि ती भरली होती एकट्या लॉगने. जो लॉग रोज रात्री रिकामा व्हायचा, तो फुगून आख्ख्या डेटाबेसपेक्षा मोठा झाला होता.

लॉग रिकामा न होण्याचं कारण एकच असतं. लग्नघरात एक पाहुणा जेवायचा राहिला तर मांडव सोडता येत नाही, तसा आत कुठेतरी एक जुना व्यवहार उघडा राहिलेला असतो. तो संपेपर्यंत त्याच्यानंतरचं सगळं जपून ठेवावं लागतं, गावातल्या प्रत्येक नळाची प्रत्येक हालचाल. पिदोने अशा पाहुण्यांची नेहमीच मनसोक्त निंदा केली होती. त्याने मालकाचं नाव शोधलं.

गरिंगालाओ, ई. काम: क्लिअरन्स.

पिदोने चष्मा काढून पुसला. या वेळी समोर कुणी नव्हतं.

या कार्यालयात नोकरी धरायला तीन सह्या लागतात, सोडायला चौदा. भांडारापासून ग्रंथालयापर्यंत प्रत्येकाने 'या माणसाकडे आमचं काही नाही' असं लिहून द्यायचं, त्याचं नाव क्लिअरन्स. ग्रंथालय पुरात गेलं त्याला जमाना झाला, पण ग्रंथपालाची सही शिल्लक होती आणि ती गोदामरक्षक करायचा. पूर्वी हे कागदावर चाले. मग एक मीटरवाचक तेरा सह्यांवर निघून गेला आणि कार्यालयाची मोटरसायकलही त्याच्याबरोबर गेली. तेव्हा पिदोने सगळं संगणकावर आणलं आणि त्यात आपलं तत्त्वज्ञान ओतलं. राजीनाम्यापासून चौदाव्या सहीपर्यंत सगळा एकच व्यवहार. चौदा झाल्या तर माणूस सुटला. एक जरी राहिली, तर त्याने राजीनामा दिलाच नव्हता.

आजवर याचा त्रास कुणाला झाला नाही, कारण जाणारा माणूस निरोपाला पान्सितचे ट्रे आणायचा आणि शेवयांच्या वासावर सगळे एका दुपारी सह्या करून मोकळे व्हायचे. पिदोच्या तेरा सह्याही अशाच एका बैठकीत झाल्या होत्या. चौदावी अडली, त्याला दोन आठवडे होत आले. तेव्हापासून त्याच्या टेबलावरचा संगणक 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावून उघडा होता, आणि तो कशासाठी उघडा आहे हे त्याला माहीत असूनही त्याने त्याचा विचार केला नव्हता. डॉक्टरलाही स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

चौदावी सही मालमत्ता सांभाळणाऱ्या नेनिताबाईंची. सगळे त्यांना मानांग म्हणत, म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला जे जे अधिकार असतात ते सगळे त्या वापरत.

"भाताचा कुकर," त्या म्हणाल्या होत्या. "वादळात तू इथे मुक्कामाला होतास, तेव्हा तुझ्या नावावर दिला होता. कुठाय?"

"मानांग, त्याला वर्षं झाली. मी नवीन आणून देतो."

"नवीन तो नव्हे, तोतो. नोंदीत जुना आहे."

तोतो म्हणजे बाळ्या. बाळ्या सत्तेचाळीस वर्षांचा होता.

खिशात फोन थरथरला. इलोइलो शहरातल्या भरती एजन्सीतली मिस लव्हली. "सर, रविवारी नक्की ना? तुमच्या जागेसाठी मागे रांग आहे." पुढे तीन बदाम. पिदोने लिहिलं, "क्लिअरन्स मिळाली की लगेच कळवतो." तिकडून एक अंगठा आला.

दुपारी त्याला ओढून जेवायला नेण्यात आलं. निरोपसमारंभ दुसऱ्यांदा होता, कारण पहिल्या वेळचा पान्सित फुकट गेला असं सर्वांचं मत पडलं. फादर क्रिस्पुलोही आले होते. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"माझ्या पाण्याने आजवर एकही यंत्र मेलेलं नाही," ते अडोबोतला मांसाचा तुकडा निवडत म्हणाले. "उलट दोन जीपगाड्या चालू झाल्या."

"पाण्याचा दोष नाही, फादर," पिदो म्हणाला.

"मग कुणाचा?"

"शोधतोय."

"देव दाखवील," फादर म्हणाले. देवाने आधीच दाखवलं होतं, तेच तर दुखणं होतं.

नेनिताबाई भात वाढत होत्या. पिदोने ताट पुढे केलं आणि त्याची नजर कुकरच्या झाकणावर गेली. झाकणाची मूठ तुटलेली होती आणि तिच्या जागी निळ्या नेटवर्कच्या वायरची गाठ मारलेली होती. अशी गाठ जगात एकच माणूस मारतो. वादळाच्या दुसऱ्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, त्यानेच ती मारली होती. त्यानंतरची सगळी वर्षं तो याच कुकरमधला भात रोज दुपारी खात आला होता. सह्या करणारे तेराजणही. चौदाव्या तर तो शिजवत होत्या.

"मानांग, हा कुकर जरा उलटा करा."

"भात आहे त्यात."

"भात काढा."

भात पान्सितवर उपडा झाला. कुकरच्या बुडाला काळपट चिठ्ठी होती. नेनिताबाईंनी पदर नसल्याने हातरुमालाने ती पुसली आणि मोठ्याने वाचली: संगणक कक्ष, गरिंगालाओ. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्याचं चिन्ह नव्हतं. हरवलेली वस्तू सापडली की त्यांना निव्वळ आनंद होई, मग ती कुठेही सापडो.

"बघ, मिळाला की नाही? शोधलं की मिळतं. आण, कुठे सही करू?"

पिदोने डोळे मिटले. "सिस्टिम बंद आहे, मानांग."

"मग चालू कर."

"चालू केली की माझा व्यवहार पुसला जाईल."

"मग आधी सही घे आणि मग चालू कर."

ज्यांना डेटाबेस कळत नाही त्यांचे सल्ले नेहमीच बिनचूक असतात, एवढंच की ते डेटाबेसला लागू पडत नाहीत.

जेवण टाकून तो पुन्हा थंड खोलीत आला आणि त्याने दार लावलं. रस्ते दोनच होते.

पहिला शहाण्याचा. रात्रीचा बॅकअप लावायचा, त्यावर फाटलेल्या जागेपर्यंतचा लॉग चढवायचा. सगळं गाव जसंच्या तसं परत येईल. फक्त जे पूर्ण झालं नव्हतं ते झालंच नव्हतं असं धरलं जाईल. कायद्यात अपवाद नव्हता. असता, तर पिदोनेच त्याला सगळ्यात आधी विरोध केला असता.

दुसरा घाईचा. फाटका लॉग फेकून द्यायचा, डेटाबेसला रिकामा नवा लॉग द्यायचा आणि दटावून उठवायचं. मग पुसापुशी होणार नाही. जे जिथे पडलं असेल ते तिथेच राहील: त्याचा राजीनामा, तेरा सह्या. चौदावी बाहेर हात धुऊन तयार होती. एक आज्ञा, आणि रविवार.

पण सकाळी आणखी एक काम चालू होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली घरं जुन्या वाहिनीवरून नव्या वाहिनीवर घेतली जात होती. जुनीवरून निघाली होती, नवीवर बसायची होती, आणि मध्येच इंजिनिअरांनी वीस मोजले. घाईच्या रस्त्याने ती सगळी घरं कुठल्याच वाहिनीवर राहिली नसती. झडपवाला यादी बघून झडप उघडतो. यादीत नसलेल्या घराला तहान लागत नाही.

दारावर टकटक झाली. इंजिनिअर आत आले आणि गारठ्याने खांदे आखडून उभे राहिले.

"काय, होतंय का? ओढ्यापलीकडचे लोक बादल्या घेऊन फाटकाशी आलेत. मी त्यांना सांगितलं, तंत्रज्ञ काम करतोय."

"आणि मी गेल्यावर काय सांगाल?"

"तुला फोन करू," इंजिनिअर म्हणाले. त्यांना यात विनोद दिसला नाही, कारण तो नव्हताच. पिदोच्या जागी येणारा माणूस अजून जाहिरातीत होता, आणि जाहिरात मंजुरीत.

पिदोला मिस्टर दोलोर आठवले. त्याच्या आधी या खुर्चीवर ते होते. रियाधला गेले त्याला आता पंधरा वर्षं होतील. जाताना एक रकाना त्यांनी अर्धवट सोडला होता, 'इतर' नावाचा. त्यात कधी शून्य असतं, कधी सात, आणि सात का असतं हे फक्त दोलोरांना माहीत. अजून फोन जातो त्यांना. मागच्या महिन्यात पिदोनेच केला होता. म्हाताऱ्याने पहिल्या घंटीला उचलला, मागे नातवंडांचा गोंगाट होता. तो न रागावता म्हणाला, "बोल, आता काय फुटलं?" आवाज असा होता की माणूस रियाधला पोहोचलाच नव्हता, इथेच पिंपांच्या खोलीत जॅकेट घालून बसला होता.

म्हणजे घाईच्या रस्त्याने गेलं तर दोहात बसूनही इथेच, आणि शहाण्याच्या रस्त्याने गेलं तर दोहालाही न जाता इथेच. पिदोने बराच वेळ दोन्हींतला फरक शोधला. फरक बादल्यांचा होता.

त्याने रात्रीचा बॅकअप लावला.

काम संथ चालतं. पडद्यावर एक आकडा शंभराकडे सरकतो, आणि त्याच्याकडे पाहत राहिलं तरी तो लवकर सरकत नाही, हे माहीत असूनही माणूस पाहत राहतो. शेवटी डेटाबेस उठला. ओढ्यापलीकडची घरं जुन्या वाहिनीवर, जिथे काल होती तिथे, मुकाट परतली होती. खाली बारीक अक्षरात नोंद होती: अपुरा व्यवहार रद्द केला.

बाहेर टाळ्या वाजल्या. कुणीतरी उरलेला केक कापला.

पिदो रोसाल मॅडमच्या टेबलाशी गेला. "मॅडम, सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. सगळे इथेच आहेत, अर्ध्या तासाचं काम."

रोसाल मॅडमनी पडद्यावर पाहिलं, मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सह्या कशावर घेणार? तुमचा राजीनामाच दिसत नाही इथे."

"मॅडम, हा केक तुम्हीच आणलात. त्यावर 'निरोप' लिहिलंय."

"केक सिस्टिममध्ये नाही, पिदो."

"मी आता नवीन भरतो."

"भरा ना. पण राजीनामा रद्द म्हणजे कागदावरची नोटीसही रद्द; आता आजपासून पुन्हा एक महिना. त्याआधी राजीनाम्याचं पान उघडतच नाही."

"हा नियम कुणी घातला?"

त्यांनी पडद्यावर नियमाखालचं नाव हाताने झाकलं. त्या चांगल्या स्वभावाच्या होत्या.

इंजिनिअरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं रे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं, पण चेहरा मात्र पंप सुरू झाल्यासारखा उजळला होता. "सोमवारी जरा ते 'इतर'चं बघू. परत सात आलंय."

नेनिताबाईंनी कुकर घासून, पुसून, त्याच्या टेबलावर आणून ठेवला. "हा तुझ्या ताब्यात," त्या म्हणाल्या. "आता हरवू नकोस. भात मात्र आम्ही यातच करणार."

पिदो थंड खोलीत गेला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मिस लव्हलीला लिहिलं: क्लिअरन्स मिळाली नाही, रविवारी येता येत नाही, माफी असावी, पुढच्या तुकडीत घ्यावं. उत्तर यायला वेळ लागला नाही.

"ठीक आहे सर, तुमची जागा रांगेतल्या पहिल्याला दिली. पुढची तुकडी वर्षअखेरीला, जागा असल्या तर." त्यानंतर एकच बदाम, आणि त्याखाली आणखी एक ओळ: "पण सर, क्लिअरन्स आम्ही कुणाकडेच मागत नाही."